ग्रुपचं अ‍ॅप कोणाकडे बघून निवडायचं? श्रीरंगदादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

श्रीरंगदादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून चार दिवस झाले. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तिच्यातलं एक वाक्य मनाला लागलं आणि ते खरं आहे. त्याच्याकडे येतेच.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या बायकांचा आमचा ग्रुप आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून सिग्नलवर का नेला, ते मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर श्रीरंगदादांचं म्हणणं असं: दोन्ही अ‍ॅपचं कुलूप एकच आहे, मग हा खटाटोप म्हणजे २०२१ सालची फॅशन, व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या गोपनीयता धोरणाला घाबरून लोक सिग्नलवर धावले होते तशी. नंबरच लपवायचे होते तर टेलिग्राम होतं की. शिवाय मूल होत नाही यात लपवण्यासारखं काय आहे, उलट बायकांनी उघड बोलायला हवं. आणि शेवटचं, त्यांची भाची अशाच एका ग्रुपमध्ये होती. ग्रुपने अ‍ॅप बदललं, तिला तिकडे जाता आलं नाही आणि ती एकटी पडली. "सुरक्षिततेच्या नावाखाली तुम्ही जिला सगळ्यात जास्त गरज होती तिलाच दाराबाहेर ठेवता," असं ते लिहितात.

कुलपाबद्दल तुम्ही बरोबर आहात. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सगळ्यांसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन पूर्णपणे सुरू केलं, ते सिग्नलच्या मंडळींनी तयार केलेल्या प्रोटोकॉलवरच. मेसेज वाटेत असताना कंपनीलाही वाचता येत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. मी मागच्या लेखात "व्हॉट्सअ‍ॅप सुरक्षित नाही" असं सरसकट लिहून टाकलं होतं. ते चूक होतं, ते वाक्य मी आज बदललं आहे. पण दादा, आमच्या ग्रुपमधली गोष्ट वाटेत फुटलीच नव्हती. ती पोचल्यावर फुटली.

काय झालं ते मी तेव्हा लिहिलं नव्हतं, कारण जिच्यावर बेतलं तिला विचारलेलं नव्हतं. आता तिने होकार दिला आहे, नाव-गाव न सांगण्याच्या अटीवर. ग्रुपमध्ये येण्याची लिंक कोणीतरी चांगल्या हेतूने एका फेसबुक पेजवर टाकली. त्या लिंकवरून एक 'बाई' आत आली. डीपीला गणपती, नाव बाईचं. तीन आठवडे ती एक अक्षर बोलली नाही. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण नवीन आलेल्या बायका कितीतरी दिवस नुसत्या वाचतच असतात, धीर यायला वेळ लागतो. मग एकेकीला फोन यायला लागले. तो हमखास मूल होण्याचं औषध विकणारा माणूस होता. "ताई, तुमचं दुसरं ट्रान्स्फरपण फेल गेलं ना?" अशी सुरुवात. (ट्रान्स्फर म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ गर्भाशयात सोडणं.) कोणाचा बीटा, म्हणजे दिवस राहिले का ते सांगणारी रक्ताची चाचणी, कधी निगेटिव्ह आला, कोणी मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं मोडून उपचारांच्या पुढच्या फेरीचे पैसे भरले, सगळं त्याने वाचलेलं होतं. आणि प्रत्येकीचा नंबर त्याच्यासमोर होता. एकीचा फोन सासूबाईंनी उचलला. त्या घरात उपचारांचं फक्त नवऱ्याला माहीत होतं. पुढचं मी लिहीत नाही. ती सहा महिने माहेरी होती.

त्या माणसाला आत घेण्यात चूक माझी होती. लिंक उघडी ठेवणं, नव्या माणसाला अ‍ॅडमिनची मंजुरी न लावणं, हे मी केलं. सिग्नलवर असतो तरी इतकी ढिलाई केली असती तर तो आत आलाच असता, हेही खरं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नलच्या ग्रुपमध्ये केली आणि त्यात 'द अटलांटिक' मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांना चुकून जोडून घेतलं. कुलूप शाबूत होतं, माणूसच आत बसला होता. एन्क्रिप्शन ग्रुपबाहेरच्यापासून वाचवतं, ग्रुपमधल्यापासून नाही.

मग सिग्नलने आम्हाला काय दिलं? नंबर झाकले. फेब्रुवारी २०२४ पासून सिग्नलवर तुमचा नंबर ज्याच्याकडे आधीपासून सेव्ह नाही त्याला तो दिसत नाही. अ‍ॅप सुरू करायला नंबर लागतो, पण ग्रुपमध्ये दिसतं ते तुम्ही घेतलेलं नाव. आमच्याकडे 'अबोली', 'तुळस', 'निरंजन' अशी नावं आहेत. तो माणूस इथे आला असता तर त्याने वाचलं असतं, आम्हाला फसवलं असतं, पण सासूबाईंच्या हातातला फोन वाजला नसता. माझ्यासाठी फरक एवढाच आहे आणि तो खूप मोठा आहे.

दुसरी गोष्ट बॅकअपची, जिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जातो. त्या बॅकअपला एंड-टू-एंड कुलूप घालायची सोय ऑक्टोबर २०२१ पासून आहे, पण ती ज्याची त्याने चालू करायची असते. आमच्या ग्रुपमध्ये बासष्ट बायका होत्या. एकसष्ट जणींनी चालू केलं आणि एकीने नाही, तर सगळ्यांचं बोलणं त्या एकीच्या ड्राइव्हमध्ये त्या कुलपाशिवाय पडून राहतं. आणि कितीतरी घरांत बायकोचं गूगल खातं नवऱ्याने किंवा दिराने उघडून दिलेलं असतं, पासवर्ड त्यांच्याकडेच असतो. तुम्ही स्वतः केलंय का ते बघाच: सेटिंग्जमध्ये चॅट्स, तिथे चॅट बॅकअप, आणि खाली एन्क्रिप्टेड बॅकअप. (त्याचा पासवर्ड किंवा चौसष्ट अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवा. ती हरवली तर बॅकअप कोणालाच उघडता येत नाही.) सिग्नलची उलटी अडचण होती. कित्येक वर्षं त्याला क्लाउड बॅकअपच नव्हता, तो २०२५ च्या सप्टेंबरपासून यायला लागला. आमच्यातल्या एकीचा फोन पाण्यात पडला आणि तिने ग्रुपमध्येच टिपून ठेवलेल्या इंजेक्शनच्या तारखा गेल्या. तिला फाइल घेऊन पुन्हा क्लिनिकमध्ये जावं लागलं. हे मी मागच्या लेखात सांगायला हवं होतं.

टेलिग्रामबद्दल मात्र मी अजिबात सहमत नाही, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकीने माझं ऐकावं अशी विनंती आहे. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, मोठ्या फाइली जातात, दोन लाख माणसं एका ग्रुपमध्ये बसतात, सगळं खरं. पण तिथल्या ग्रुपना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाहीच. 'सीक्रेट चॅट' म्हणून जी सोय आहे ती फक्त दोघांमध्ये चालते, तीही मुद्दाम सुरू करावी लागते. ग्रुपमधलं सगळं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर राहतं आणि किल्ल्याही तिच्याकडेच. ऑगस्ट २०२४ मध्ये संस्थापक पावेल दुरोव यांना फ्रान्समध्ये अटक झाली, त्यानंतरच्या महिन्यात कंपनीने नियम बदलले आणि कायदेशीर मागणी आली तर नंबर आणि आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) देऊ असं जाहीर केलं. आमच्या ग्रुपला पोलिसांची भीती नाही. पण किल्ली स्वतःकडे ठेवणारी कंपनी आणि किल्ली नसलेली कंपनी यांच्यात निवड करायची असेल तर मी दुसरी निवडेन. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयीन आदेशावर सिग्नलला माहिती द्यावी लागली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारखं होतं ते इतकंच: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. कोण कोणाशी बोलतं याची यादी त्यांच्याकडे नव्हती.

आपल्याकडे 'अराट्टाई'ची लाट आली तेव्हाही मला बऱ्याच जणींनी विचारलं होतं. देशी अ‍ॅप असावं असं मलाही मनापासून वाटतं. पण ते गाजलं तेव्हा, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कॉलना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन होतं आणि लिहिलेल्या मेसेजना नव्हतं. आमचं सगळं काम लिहिण्यावर चालतं, म्हणून तेव्हा मी नाही म्हटलं.

आता "लपवण्यासारखं काय आहे?" दादा, हा प्रश्न तुम्ही मायेने विचारला आहे हे मला कळतं. बायकांनी उघड बोलावं असं मलाही वाटतं, मी स्वतः या ब्लॉगवर माझ्या नावाने लिहिते. पण मी बोलले ते माझे उपचार संपल्यावर, माझ्या घरात माझ्या पाठीशी उभी राहणारी माणसं असताना. जिला ओटीभरणाचं आमंत्रण येत नाही, आलं तरी मागच्या रांगेत बसवतात, तिने कधी बोलायचं हे तिचं तिने ठरवायचं. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, तेव्हा त्यात काय काय येतं हे सांगताना घर, कुटुंब, लग्न यांच्या शेजारी प्रजननाचाही उल्लेख केला आहे. हा निकाल मी आमच्या ग्रुपमध्ये मराठीत समजावून सांगितला होता. त्या रात्री तीन नव्या बायका पहिल्यांदा बोलल्या.

आणि आता तुमची भाची.

बासष्टपैकी एक्केचाळीस जणी सिग्नलवर आल्या. एकवीस आल्या नाहीत. मी तेव्हा स्वतःची समजूत घातली की त्यांना तितकी गरज नसेल. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी त्या एकवीस जणींपैकी ज्यांच्याशी बोलता आलं त्यांच्याशी बोलले. तिघी-चौघींच्या फोनमध्ये जागाच नव्हती. एकीचा फोन घरात सगळ्यांचा मिळून एकच. पण सहा जणींनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांच्या फोनमध्ये असतं, त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघत नाही. सिग्नलचा निळा गोल दिसला की प्रश्न येतो, "हे काय नवीन टाकलंस? कोणाशी बोलतेस?" एकीच्या नवऱ्याला वाटलं तिचं बाहेर काही चालू आहे. तिने त्याच्यासमोर अ‍ॅप काढून टाकलं आणि आमच्यापासून तुटली.

म्हणजे ज्या घरात सगळ्यात जास्त पहारा आहे, त्या घरातल्या बाईला मी दिलेलं साधनच पकडून देणारं ठरलं. कुलूप किती पक्कं आहे याचा मी विचार केला, कुलूप दिसल्यावर घरातला माणूस काय म्हणेल याचा केला नाही. अ‍ॅप निवडताना जिचं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं तिच्याकडे बघायचं असं मी म्हणत होते, आणि तिला विचारायचंच विसरले. त्या एकवीस जणींची मी माफी मागितली आहे. तुमच्या भाचीचा ग्रुप आमचा नसेलही, तरी तिचीही मागते.

आता आम्ही जे केलंय ते नीटनेटकं नाही, पण चालतंय. डॉक्टरांची व्याख्यानं, सरकारी योजनांची माहिती, औषधांच्या किमती असं ज्यात कोणाचं वैयक्तिक काही नसतं ते व्हॉट्सअ‍ॅपच्या कम्युनिटीतल्या घोषणांच्या ग्रुपवर जातं. तिथे सदस्यांना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत, फक्त अ‍ॅडमिनना दिसतात. मनातलं बोलणं सिग्नलवर, एक्केचाळीस जणींचं. आणि ज्यांना सिग्नल ठेवता येत नाही अशा नऊ जणींचा एक छोटा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप महिन्याभरापूर्वी केला. तिथे नंबर दिसतात, म्हणून प्रत्येकीशी आधी फोनवर बोलून, बाकीच्या आठ जणी कोण हे सांगून, तिचा होकार घेऊन मगच जोडलं. लिंक बंद. मेसेज चोवीस तासांनी आपोआप जातात. २०२५ मध्ये आलेली अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी चालू आहे, त्यामुळे कोणाला सगळं चॅट एक्स्पोर्ट करता येत नाही आणि फोटो आपोआप गॅलरीत उतरत नाहीत. स्क्रीनशॉट त्याने थांबत नाही, हे मी प्रत्येकीला स्पष्ट सांगितलंय. प्रत्येकीने ग्रुपला चॅट लॉक लावलं आहे आणि त्याला गुप्त कोड दिला आहे, म्हणजे तो चॅटच्या यादीत दिसतच नाही. ग्रुपचं नाव आहे 'शिवणक्लास'. ते नाव त्यांनीच ठेवलं.

जिचा फोन सगळ्या घरात मिळून एक आहे, तिच्यासाठी कुठलंच अ‍ॅप नाही. तिला आमच्यातली एकजण दर गुरुवारी दुपारी, घरात कोणी नसताना, साधा फोन करते.

तुमच्या भाचीला हे उत्तर दाखवा. नऊच्या ग्रुपमध्ये जागा आहे. तिला यायचं असेल तर मला इथल्या संपर्काच्या पानावरून लिहू दे, खरं नाव सांगायची गरज नाही, आणि मी तिला कोणत्या वेळी फोन केलेला चालेल तेवढं मात्र कळवायला सांगा.