खांब कुणाचा?

हैदराबादला मेहुण्याच्या घराची वास्तुशांत. आमच्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमान आहे, सगळ्यांची नावं-वयं भरून झालीत, आणि ऐन पैसे भरताना विमान कंपनीची वेबसाइट विचारते, तुम्ही रोबोट नाही ना? नसाल तर सिग्नल असलेले चौकोन निवडा.

नेमके तेव्हाच शेजारचे तात्या पेपर न्यायला आले. तात्या ट्रॅफिक हवालदार म्हणून रिटायर झाले. दाभोळकर कॉर्नरची धूळ खाण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. सिग्नल म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढलीच.

"थांबा मास्तर. ह्यो खांब धरू नका."

"खांबाशिवाय सिग्नल कसा, तात्या?"

"खांब म्हापालिकेचा. दिवा तेवढा आमचा."

खांबाचा चौकोन सोडला. वेबसाइट म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. आता मोटारसायकली.

"ही स्कूटर धरायची का हो?"

"गिअर हाय का बघा."

"एवढ्याशा फोटोत गिअर कुठून दिसणार?"

"मग लायसन बघितल्याबिगर मी काय सांगणार न्हाई."

मग झेब्रा क्रॉसिंग आलं. तात्यांनी चष्मा पुसून ते डोळे भरून पाहिलं. "काय पट्टे मारल्यात! आन् गाडी बघा, पट्ट्याच्या अलीकडं थांबलीया. कुठलं गाव म्हणायचं हे?" मी काय सांगणार? आपलं नाही, एवढं नक्की.

"पर मला सांगा, रोबोट हैदराबादला जाऊन करणार काय?"

प्रश्न रास्त होता. रोबोट म्हणजे बॉट, संगणकावरचा प्रोग्रॅम; त्याला कुठेच जायचं नसतं. तो दिवसरात्र भाडी विचारत बसतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानात ती मांडतो. काही बॉट याहून वाह्यात. सीट धरून ठेवायची, पैसे भरायचे नाहीत, मुदत संपली की पुन्हा धरायची. आपल्याकडे येणारं विमान तसं छोटंच. त्यात चार सीटा अशा अडकल्या तरी खऱ्या गिऱ्हाइकाला 'फुल्ल'ची पाटी. कंपनीचं दुखणं खोटं नाही, तेवढं मी मान्य करतो.

"मग धरलंय तुमालाच का?" तात्या म्हणाले, आणि लगेच स्वतःच हसले. "आमच्या नाकाबंदीचं बी असंच. हेल्मेटवाला गुमान थांबायचा, त्याचीच कागदं तपासायची. ट्रिपल सीट बोळातनं पसार!"

हे मात्र शंभर टक्के. हा कॅप्चा नावाचा प्रकार अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लोकांनी या शतकाच्या सुरुवातीला बारशासकट जगापुढे मांडला. यंत्राला जमणार नाही आणि माणसाला सहज जमेल असं कोडं, ही कल्पना. 2023 साली अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी खऱ्या माणसांना बसवून ही कोडी सोडवून घेतली, तर बॉट माणसापेक्षा वेगवानही निघाले आणि अचूकही. ज्या बॉटांना जमत नाही त्यांच्यासाठी गरीब देशांत माणसं बसलेली असतात. हजार कोडी सोडवली तरी त्यांच्या हातावर चिल्लरच टेकवतात. म्हणजे रोबोटाच्या वतीनं माणूस सांगतो की मी रोबोट नाही. आणि मी, आधार कार्डावर फोटो असलेला, घरपट्टी वेळेवर भरणारा माणूस, दिवाणखान्यात बसून खांबाचा मालक शोधतोय. फुकट!

तेवढ्यात पानावर 'आपलं सत्र संपलं आहे' असं आलं. पहिल्यापासून नावं भरायची. भरली. भाडं आता डोईमागे साडेचारशेनं वाढलेलं. ते का वाढलं, हे विचारायला तिथं कुणी नाही. चौकशी फक्त आमची.

बायको म्हणाली, राजारामपुरीत तो एजंट आहे ना, त्याच्याकडे जा. गेलो. त्यानं नावं घेतली, दोन बटणं दाबली आणि तिकिटं काढून हातात दिली. वर तिकिटामागे तीनशे रुपये त्याचे.

"सिग्नल ओळखायला लागले नाहीत?" मी विचारलं.

"कसले सिग्नल?" तो म्हणाला. "आमचं सॉफ्टवेअर हाय. आपोआप हुतं."