एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: पुऱ्या, मायक्रोवेव्ह आणि घरून आलेले डबे

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि लगेच उत्तर लिहायला बसले. नवऱ्याने हातातला फोन काढून घेतला, म्हणाला, "उद्या लिही." बरंच झालं. त्या रात्री लिहिलं असतं तर त्यात पुऱ्यांपेक्षा राग जास्त तळला गेला असता.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. वसुबारसेच्या आदल्या दिवशी हिंजवडीतल्या एका ऑफिसात दिवाळीची पार्टी होती. जेवण आमचं, ९० पानं: पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर, मठ्ठा, श्रीखंड. शिवाय प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा असं ऑफिसात ठरलं होतं. ताईंची तक्रार अशी की पुऱ्या वातड होत्या, मसालेभात थंड होता, वाढपी उर्मटपणे बोलला, मैत्रिणीने आणलेला डबा गरम करून द्यायला आम्ही नकार दिला आणि उरलेलं अन्न आम्ही परत नेलं. शेवटी लिहिलंय, "घरून आलेलं सगळं फस्त झालं, केटररचं उरलं. काय ते समजा."

पुऱ्यांपासून सुरुवात करते, कारण तिथे मला लपायला जागा नाही. पुऱ्या वातडच होत्या. तुमच्या इमारतीत गॅस चालत नाही, जेलच्या इंधनावरच्या शेगड्याही चालत नाहीत, हे मला आठ दिवस आधी माहीत होतं. म्हणजे तिथे घाणा काढता येणार नव्हता. आमचं किचन धायरीला आहे. साडेदहाला तळलेली पुरी वाकडच्या ट्रॅफिकमधून साडेबाराला पोचते आणि भाषणं, रांगोळीचा निकाल वगैरे होऊन दोन वाजता पानात पडते. त्या पुरीचं काय होतं, हे पंधरा वर्षं हाच धंदा करणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको. ऑर्डर घेतानाच मी म्हणायला हवं होतं की पुरी नको, घडीच्या पोळ्या देते, तूप लावून डब्यात बसवल्या की तीन तास मऊ राहतात. पण समोरून "दिवाळी आहे, पुरीच हवी" असं आलं आणि मी "होईल" म्हणून बसले. दिवाळीच्या आठवड्यात आम्ही केटरर सगळ्यालाच "होईल" म्हणतो, आणि मग हे असं होतं. पुऱ्यांचे पानामागे २५ रुपये, ९० पानांचे २२५० रुपये तुमच्या ऑफिसच्या खात्यावर काल परत केले आहेत.

मसालेभाताची गोष्ट जरा वेगळी. तो थंड नव्हता, कोमट होता, पण कोमट मसालेभात हीही काही सांगायची गोष्ट नाही. शेगडी चालत नसल्यामुळे आम्ही विजेवर चालणारी बेन मारी, म्हणजे गरम पाण्यात भांडी ठेवून जेवण गरम ठेवणारी पेटी, लावली होती. साधारण सव्वा वाजता कोणीतरी घरून आणलेला ढोकळा गरम करायला मायक्रोवेव्ह त्याच बोर्डावर लावला, आणि त्यासाठी आमचा प्लग काढला. कोणी काढला हे मला माहीत नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही. माझ्या माणसांनी दर अर्ध्या तासाने थर्मामीटर घालून बघायचं असतं. त्या दिवशी ते अडीचला बघितलं गेलं, तेव्हा भात ४८ अंशांवर आला होता. तो ६० च्या खाली जाऊ द्यायचा नसतो. लगेच प्लग लावला, पण पहिल्या फळीत जेवलेल्यांना कोमटच भात मिळाला. ढोकळा मात्र गरम होता म्हणे.

आता वाढप्याबद्दल. तुमच्या एका सहकाऱ्याने काजूकतलीसारख्या दिसणाऱ्या वडीकडे बोट दाखवून विचारलं, "यात शेंगदाणे आहेत का?" आमचा मुलगा म्हणाला, "मला काय माहीत?" हे त्याने असं बोलायला नको होतं. त्याची मी चांगली कानउघाडणी केली आहे, आणि त्या सहकाऱ्यांची इथे जाहीर माफी मागते. पण त्याला खरंच माहीत नव्हतं हो. ती वडी आमची नव्हती. "ही घरून आली आहे, करणाऱ्यांना विचारा, तोवर खाऊ नका" असं त्याने म्हणायला हवं होतं. विचारणाऱ्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हा प्रश्न चवीचा नसतो. आणि आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे नसतं ते सांगा! कोशिंबिरीत असतं, उपासाच्या पदार्थांत असतं, काजू महागले की वड्यांतही असतं. आमच्या कोशिंबिरीपुढे "दाण्याचं कूट आहे" अशी पाटी होती. घरून आलेल्या तीसेक डब्यांपुढे एकही चिठ्ठी नव्हती. पुढच्या वेळी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन मीच पाठवीन: पदार्थ कोणता, कोणी केला, आत काय आहे. एवढं पुरे.

डबा गरम करून न देण्याबद्दल मात्र माफी मागणार नाही. तुमच्या मैत्रिणीने कोळंबीची खिचडी आणली होती. पहाटे साडेपाचला उठून केली असं त्यांनी सांगितलं, आणि ऑफिसला निघायच्या दिवशी कोळंबी सोलून खिचडी करणं म्हणजे काय, ते मला कळतं. पण ती खिचडी सकाळपासून डब्याच्या पिशवीत होती. दुपारी दीड वाजता ती आमच्या बेन मारीत ठेवून द्या असं म्हणणं आलं. बेन मारी गरम पदार्थ गरम ठेवते, गार पदार्थ गरम करत नाही. ती त्याला सावकाश कोमट करते, आणि जंतूंना तर तेच हवं असतं. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये हा जागतिक आरोग्य संघटनेचाच सल्ला आहे. भाताचं तर आणखी वाईट. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तासन् तास बाहेर राहिला की तो जे विष सोडतो ते परत उकळूनही जात नाही. म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये वाफ येईपर्यंत फिरवलं तरी खात्री नाही. दुसरं म्हणजे आमची भांडी शाकाहारी जेवणाची, आणि तुमच्यातलेच चार जण जैन पान मागून जेवले. त्या डब्याला हात लावून तोच डाव मसालेभातात घालायचा का? कोणाचं पोट बिघडलं असतं तर हा रिव्ह्यू खिचडीवर नसता आला, आमच्यावर आला असता.

दिवाळीच्या फराळाचं मला म्हणूनच नेहमी कौतुक वाटतं. चकली, कडबोळी, शेव, शंकरपाळे, चिवडा, अनारसे: आत पाणी नाही, त्यामुळे आठ-पंधरा दिवस डब्यात मजेत. ऑफिसात न्यायला याहून शहाणं खाणं नाही. ओल्या नारळाच्या करंज्या, दहीवडे, खरवस हे घरचे लाड; ते बर्फावर आणता येत असतील तर आणावेत.

उरलेल्याबद्दल. उरलेलं अन्न गिऱ्हाइकाचंच असतं, यात वाद नाही. न उघडलेला श्रीखंडाचा ३ किलोचा डबा तुमच्या एचआरच्या मॅडमनी पॅन्ट्रीतल्या फ्रीजमध्ये ठेवून घेतला. तो कोणी खाल्ला ते आता तुम्हीच शोधा. टेबलावर दोन तास उघडं राहिलेलं श्रीखंड आणि तळाचा मसालेभात आम्ही नेला, तो टाकायला. बांधून द्या म्हणणारे असतात, आम्ही देत नाही. हे आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं. आता बिलावर छापते.

आणि "केटररचं उरलं". ताई, उरणारच होतं! पानाला ९० ग्रॅम धरून ८ किलो श्रीखंड आम्ही केलं, आणि टेबलावर गेल्यावर बघतो तर रसगुल्ले, म्हैसूरपाक, बेसनाचे लाडू, गोव्याच्या कोणीतरी आणलेल्या नेवऱ्या, बिहारचा ठेकुआ, तीन प्रकारच्या वड्या. माणूस पोटभर जेवून किती गोड खाणार? मी तुमच्या जागी असते तर मीसुद्धा श्रीखंड सोडून ठेकुआ उचलला असता. श्रीखंड काय, चितळ्यांकडे वर्षभर मिळतं. कोणाच्या तरी सासूबाईंच्या लाडवाशी आमची स्पर्धा नाही आणि ती आम्ही जिंकणारही नाही. फक्त घरून तीस डबे येणार आहेत हे आम्हाला त्या दिवशी लिफ्टमधून बाहेर पडल्यावर कळलं. दोन दिवस आधी कळतं तर मी गोड निम्म्यावर आणलं असतं, भाजी वाढवली असती, आणि बिलही कमी झालं असतं. ऑर्डर देणाऱ्यांनी हे सांगितलं नाही हे खरं, पण मीही विचारलं नाही. हल्ली निम्म्या ऑफिसांत असंच असतं, म्हणून आमच्या ऑर्डरच्या फॉर्मवर आता तो पहिलाच प्रश्न आहे.

एक राहिलं. आमच्या भांड्यांत चुकून एक स्टीलचा डबा आला आहे, निळ्या झाकणाचा, आत कडबोळ्यांचा चुरा. सगळं आवरल्यावर तुमच्यातल्याच कोणीतरी आमच्या पोरांना त्यातली दोन-दोन कडबोळी दिली होती. भाजणी खमंग होती, धणे अगदी बेताचे. डबा घासून ठेवला आहे. रिकामा डबा परत पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून त्यात थोडे अनारसे घालून गुरुवारी आमच्या मुलासोबत पाठवते. तोच मुलगा, "मला काय माहीत" वाला. कोणाचा डबा ते जरा ऑफिसात विचारून ठेवा.