दंड भरून पाया भक्कम होत नाही

पुण्यातल्या नातेवाइकांत गुंठेवारीचा, म्हणजे जमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून परवानगीशिवाय बांधलेल्या घरांचा, विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, बेकायदा आहे ना, मग पाडा. दुसरा म्हणतो, लोकांनी पोटाला चिमटा काढून बांधलंय, दंड घ्या आणि नियमित करा. राज्याने 2001 मध्ये त्यासाठी कायदा केला आणि 2021 मध्ये त्यात दुरुस्ती करून 2020 अखेरपर्यंतची बांधकामं आत घेतली. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. साध्या माणसाला बांधायच्या आधीच परवानगी का मिळू नये, हे कुणी विचारतच नाही.

मी राहते त्या सॅन होजेत, सगळ्या कॅलिफोर्नियातच, लोक वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये चोरून भाडेकरू ठेवत होते. घरं कमी, भाडी आवाक्याबाहेर. शेवटी राज्याने नियमच बदलले. 2020 पासून, घर असलेल्या प्लॉटवर दुसरं छोटं घर बांधायचा नियमात बसणारा अर्ज शहराला 60 दिवसांत निकाली काढावा लागतो. शेजाऱ्यांची सुनावणी नाही. बाजूला आणि मागे चार फूट सोडले की 800 चौरस फुटांचं घर अडवता येत नाही. याला इथे एडीयू म्हणतात, जुने लोक ग्रॅनी फ्लॅट.

आमच्या शेजारच्यांनी सासूबाईंसाठी असं घर बांधलं. कामाच्या जागी एक तपासणी कार्ड लावलेलं असे. पायाच्या सळ्या बांधून झाल्या की इन्स्पेक्टर येऊन बघणार, सही करणार, मगच काँक्रीट. भिंती बंद करण्याआधी वायरिंग आणि नळ, पुन्हा सही. गुंठेवारीत नेमकं हेच हुकतं. स्लॅब ओतून झाल्यावर आतली सळई कोण बघणार? दंडाची पावती मिळते, कॉलम आहे तसाच राहतो. त्या घरात मुलं झोपतात, म्हणून मला हे सगळ्यात जास्त लागतं.

इथलं सगळं गोड नाही. सुटं घर बांधायला दोन-तीन लाख डॉलर सहज जातात, म्हणजे ज्याच्याकडे आधीच घर आहे त्याचीच सोय होते. आणि आमच्यासारख्यांचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर येतात, बहुतेकदा सहा महिन्यांसाठी. परसात खोली असली तरी ती निम्मं वर्ष रिकामी.

पुण्याच्या पेठांत हे जमणार नाही, तिथे मुळात मोकळी जागाच नाही. पण नाशिक, सातारा, कोल्हापूरच्या जुन्या बंगला सोसायट्यांत मागे जागा आहे, आणि म्हातारपणी जिना न झेपणारी माणसंही आहेत. तिथे तळमजल्यावरच्या एका छोट्या घराचं माप, सोडायचं अंतर आणि मंजुरीची मुदत छापून टाकावी. पाणी आणि ड्रेनेज पुरेल का, हे प्रभागवार आधी तपासावं. जिथे आजही टँकर येतो तिथे स्पष्ट नाही म्हणावं, पण ते अर्ज करायच्या आधी, आणि नगरसेवकाच्या ओळखीच्यांनाही.