सायकलवाल्यांनी "कडेने" जायचं म्हणजे नक्की कुठून?

सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सद्गृहस्थांचा मेसेज: "हे सायकलवाले रस्त्याच्या मधून काय चालवतात? टॅक्स भरायचा नाही आणि रस्ता बापाचा!" खाली अंगठ्यांची रांग. यातलेच कितीतरी जण जानेवारीत पुणे ग्रँड टूरची सायकल शर्यत बघायला पोरांना खांद्यावर घेऊन उभे होते. परदेशी सायकलपटू आले की टाळ्या. आपला वॉचमन सायकलवरून निघाला की अडथळा.

गेल्या पावसाळ्यात आमचे रात्रपाळीचे वॉचमनकाका ड्यूटी संपवून वारज्याला घरी निघाले होते. कर्वे रोडला कडेला उभ्या असलेल्या गाडीचं दार धाडकन उघडलं आणि काका रस्त्यावर. मागच्या पीएमटी बसच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचले. दार उघडणारा काय म्हणाला असेल? "दिसत नाही का?" काकांना! मनगटाला प्लास्टर, दीड महिना बिनपगारी.

म्हणजे गाड्यांना चिकटून चालवलं तर दार लागतं. दार चुकवायचं तर मीटरभर तरी लांब राहायला हवं, आणि लांब राहिलं की मागून हॉर्न, "ए, कडेने घे!" कडेला काय आहे हो? लावलेल्या गाड्या, खचलेली झाकणं, खडी. सायकल ट्रॅकचं नावही काढू नका. शहराचा २०१७ चा सायकल आराखडा आहे, कागदावर झकास. ट्रॅकवर टपऱ्या, आणि सिग्नल चुकवायला घुसलेल्या बाइका.

आणि टॅक्स! काका टायर घेतात तेव्हा जीएसटी भरतातच ना? पूर्वी नगरपालिका सायकलीवर कर घेऊन बिल्ला द्यायच्या. आणा परत, काका हौसेने लावतील. बदल्यात त्यांना मीटरभर रस्ता सोडाल?

हो, काही सायकलवाले उलट्या बाजूने येतात, रात्री दिवा नसतो. मान्य. पण सायकलने ठोकलं म्हणून एसयूव्हीतला माणूस दवाखान्यात गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

बरं, जरा शांत होते. काकांना दार मारणाऱ्या त्या माणसाने मुद्दाम केलं नसणार. दाराकडे उजवा हात सवयीनेच जातो. एकदा डाव्या हाताने उघडून बघा. अंग आपोआप वळतं, मान मागे जाते, येणारा सायकलवाला दिसतो. ब्रिटनमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. तिथल्या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून दार असं लांबच्या हाताने उघडा हे लिहिलंय, सायकलला ओव्हरटेक करताना निदान दीड मीटर अंतर ठेवा हेही. आपल्याकडे दीड मीटर म्हटलं की लोक हसतात. त्या मापात आपण दोन रिक्षा बसवतो.

काका परत सायकलवरच येतात. दुसरं काय परवडणार? बस दोनदा बदलावी लागते, आणि रात्रपाळीच्या वेळा बसला कुठे माहीत असतात. आता उभी गाडी दिसली की ते उतरून सायकल हातात धरून चालतात. पन्नाशी उलटलेला माणूस, रात्रभर आपली दारं राखून, आपल्याच गाड्यांच्या दारांना घाबरत घरी जातो. मला हे सहन होत नाही.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. गेटबाहेर दुहेरी लावलेल्या गाड्यांचा विषय मी काढणार आहे, फोटो काढून ठेवलेत. ज्यांना राग यायचाय त्यांनी आत्ताच येऊ द्या.