चिनी पालेभाजीला भट्टी लागत नाही

व्हॉट्सॲपच्या गटांवर एक मेसेज फिरतोय. चायनीज पद्धतीची हिरवी भाजी घरी जमतच नाही म्हणे. हॉटेलची भट्टी हवी, तीन-चार सॉस हवेत, अजिनोमोटो तर हवंच आणि ते विष असतं. रंग टिकवायचा तर चिमूटभर सोडा. एक सोपी भाजी करून बघण्याआधीच लोक माघार घेतात, याचं मला वाईट वाटतं.

आधी सॉसचं बघू. ग्वांगडोंग, हाँगकाँगकडे घरच्या जेवणात भाताशेजारी बाक चोय, चोय सम किंवा गाय लान अशी एखादी पालेभाजी असते. तिची सर्वांत साधी रीत म्हणजे 'चिंग छाव': तेल, लसूण, मीठ. कॉर्नफ्लोअरचा दाट रस्सा आपल्याला ठाऊक आहे तो मुंबई-कोलकात्याच्या चायनीजमुळे. तेही खाणं मला आवडतं, पण त्याच्या मापाने ही भाजी मोजू नये.

आचेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. भट्टीवरच्या कढईतून येणाऱ्या खरपूस, धुरकट स्वादाला कँटनीज लोक 'वोक हे' म्हणतात, आणि तो घरच्या गॅसवर पुरता येत नाही. पण चीनमधल्या घरांतही भट्टी नसते, साधा गॅसच असतो. आपली भाजी बिघडते ती पाण्यामुळे. धुतलेला पाला निथळत असतानाच कढईत जातो, तोही जुडीच्या जुडी. कढई गार पडते आणि भाजी परतण्याऐवजी शिजत बसते. म्हणून पाला तासभर आधी धुऊन फडक्यावर पसरा. बाक चोयच्या बुडाशी माती अडकते, पानं सुटी करून धुवा. एका वेळी पाव किलोच घ्या. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा, दोन चमचे तेल, ठेचलेल्या चार-पाच पाकळ्या लसूण, लगेच देठ. मिनिटभराने पानं, ती मरगळली की मीठ, आणि गॅस बंद. मीठ आधी घातलं तर पाणी सुटतं.

आणि ज्यांना ही घाईच नको, त्यांच्यासाठी आचेचा प्रश्नच न येणारी रीत आहे. उकळत्या पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून भाजी अख्खी मिनिट-दीड मिनिट बुडवायची, निथळायची, वर ऑयस्टर सॉस. हा सॉस कालवांच्या अर्काचा. शाकाहारी घरात मशरूमचा चालतो. गाय लान हॉटेलातही अशीच वाढतात.

अजिनोमोटो या भाजीला लागतच नाही. तरी त्याला विष म्हणणं चूक आहे. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ही चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं, अजिनोमोटो त्याचंच. तेच ग्लुटामेट टोमॅटोतही असतं. भीती पसरली ती १९६८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रानंतर. चायनीज हॉटेलात जेवल्यावर होणाऱ्या त्रासाबद्दलच्या त्या पत्रात प्रयोग नव्हता, अंदाज होते, आणि त्यांत स्वयंपाकातल्या वाइनचंही नाव होतं. पुढे अजिनोमोटो आणि त्याच्या जागी नुसती खोटी मात्रा देऊन ताडून पाहिलेल्या चाचण्यांत अशा तक्रारी सातत्याने दिसल्या नाहीत. रिकाम्या पोटी मोठी मात्रा घेतल्यावर काहींना थोडा वेळ त्रास होऊ शकतो, एवढंच.

सोडा मात्र नकोच. रंग राहतो, पण देठ गिळगिळीत होतात आणि क जीवनसत्त्व जातं. त्यापेक्षा झाकण ठेवू नका. पाल्यातली आम्लं वाफेबरोबर निघून जातात. झाकणाखाली कोंडली की हिरवा रंग शेवाळी पडतो.

बाक चोय मिळत नसेल तर नाळीची भाजी आणा. चीनमध्ये तिला 'खोंग शिन छाय' म्हणतात, म्हणजे आतून पोकळ असलेली भाजी. आपलं नावही त्या पोकळ देठावरूनच. सांडपाण्याकाठची तेवढी घेऊ नका, आणि कच्ची खाऊ नका. देठ बोटभर लांबीचे कापा आणि लसणाबरोबर एक सुकी लाल मिरची टाका.