वास कशाचा येतोय, दाजी?

बिअर पिताना तोंडी परीक्षा द्यावी लागेल असं आमच्या पिढीला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या उमेदीच्या काळात कोल्हापुरात बिअरचे दोनच प्रकार होते, स्ट्राँग आणि माइल्ड, आणि माइल्ड कुणी मागवली तर परमिट रूममधला वेटरसुद्धा मान वळवून बघायचा. त्यापुढचा प्रश्न एकच, थंड आहे का? बाटलीला हात लावायचा, गार लागली की उघडायची. शेंगदाणे, मसाला पापड, मग जेवण. वास कशाचा येतोय, असं त्या टेबलावर कुणी कुणाला विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. विचारलं असतं तर सगळ्यांनी आधी आपापल्या पायांकडं बघितलं असतं.

आता मात्र माझा मेव्हणा हा प्रश्न दर खेपेला विचारतो. तो पुण्यात असतो, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. पोरगा गुणी आहे. लग्नात कानपिळीला त्यानं माझा कान पिळला, पण तो त्याचा मान होता. हल्ली तो नाक पिळतो. पुण्यात 2009 साली डूलाली सुरू झाली, मागोमाग आणखी ब्रुअऱ्या आल्या, आणि त्यातल्या कुठल्याशा टेबलावर आमच्या मेव्हण्याला साक्षात्कार झाला. तेव्हापासून तो कोल्हापूरला येताना चितळ्यांची बाकरवडी आणायचा बंद झाला. आता आणतो हेझी आयपीएचे कॅन.

ज्यांच्या घरात अजून असा मेव्हणा नाही त्यांच्यासाठी सांगतो. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, आणि हेझी आयपीए म्हणजे दिसायला गढूळ, वासाला फळांची आणि कडवटपणा बेताचा असलेली बिअर. जवाच्या माल्टबरोबर तिच्यात ओट्स आणि गहू घालतात. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. ओट्स-गव्हातली प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफिनॉल्स नावाची तुरट द्रव्यं एकमेकांना धरून तरंगत राहतात, तळाशी जायचं नाव घेत नाहीत. हॉप्स उकळले की कडू उतरतात, म्हणून इथं त्यांचा मोठा वाटा आच बंद झाल्यावर, बराचसा तर बिअर आंबत असताना किंवा आंबून झाल्यावर टाकतात. रस्सा उतरवल्यावर वरून कोथिंबीर टाकतो तोच प्रकार. वास राहतो, शिजून जात नाही. हे मला ऐकल्या ऐकल्या पटलं. मेव्हण्याला वाटलं दाजी आपल्या पंथात आले.

पहिली झळ बसली ती फ्रिजला. ही बिअर सतत गार ठेवावी लागते. उन्हात राहिली, हवा लागली, की फळांचा वास उडतो, रंग काळपट पडतो आणि चवीला ओला पुठ्ठा लागतो. त्यामुळं मेव्हणा पुण्याहून निघतो तो बर्फाची पेटी मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधून. बायको पुढं बिनपट्ट्याची बसली तरी त्याच्या ध्यानात येत नाही. वाटेत मिसळीला थांबत नाही, चहाला थांबत नाही. दारात आला की नमस्कार-चमत्कार बाजूला, आधी फ्रिज उघडणार. विरजण बाहेर, सोलकढीचं पातेलं बाहेर, मुरवायला ठेवलेलं मटण बाहेर.

"अरे, मटण नासलं तर जेवशील काय?" आमची ही विचारते.

"ताई, मटण दुसरं मिळेल. हा बॅच परत होणार नाही."

कोल्हापुरात, मटणाच्या दिवशी, मटणाबद्दल असं बोलणारा माणूस सख्खा भाऊ होता म्हणून जिवंत राहिला.

ह्या प्रकरणातली खरी गंमत मला पुढं वाचताना कळली. आयपीएचं मूळ आपल्याकडं येणाऱ्या बोटींत आहे. लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात हॉजसनची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जवळच लागायची आणि कप्तान तिथून पिंपं भरून घ्यायचे, इकडच्या साहेबलोकांना विकायला. पुढं 1820 च्या दशकात इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या कारखानदारांनी तो धंदा हॉजसनच्या हातून ओढून घेतला. बिअर मात्र तशीच यायची, लाकडी पिंपात, आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिने हेलकावे खात, विषुववृत्त दोनदा ओलांडून. बर्फ नाही, पेटी नाही. भरपूर हॉप्स घातलेले असल्यामुळं टिकायची आणि मुंबईला उतरली की साहेब खूश. आणि तिची ही आजची नात! किणीच्या टोलनाक्यावर गाडी दहा मिनिटं खोळंबली की हिची तब्येत बिघडते, आणि मेव्हण्याची तिच्या आधी.

तर त्या रविवारी पैलवानाच्या मळ्यात बेत होता. पैलवान म्हणजे आमचा दोस्त. एके काळी तालमीत होता, आता ऊस आणि म्हशी. दुसरा दोस्त वकील, तो कोर्ट सुटलं तरी उलटतपासणी सोडत नाही. चुलीवर तांबडा रटरटत होता, पांढरा बाजूला तयार होता, भाकरी थापायला बायका बसल्या होत्या. पैलवानानं स्टीलचे पेले मांडले. मेव्हण्यानं हात आडवा घातला.

"स्टीलमध्ये नको. हेझ, म्हणजे गढूळपणा, दिसणार नाही."

मग त्यानं बॅगेतून प्लास्टिकच्या फुग्यांत गुंडाळलेले काचेचे ग्लास काढले, लांब देठाचे, पोटात फुगलेले. देठालाच धरायचं, हाताची ऊब बिअरला लागता कामा नये, अशी सूचना झाली. पैलवानानं तो ग्लास दोन बोटांत धरला आणि मांडी घालून बसला, पण श्वास घेईना.

"मर्दा, हे मोडलं तर कुणाच्या अंगावर?"

मी इथं माझा हुकमाचा पत्ता टाकला. मेव्हण्याला म्हटलं, ह्या साऱ्या हेझी कुळाची आद्य देवता म्हणजे हेडी टॉपर. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये वॉटरबरी गावच्या अल्केमिस्ट ब्रुअरीची. 2011 पासून ती कॅनमध्ये मिळते, आणि त्या कॅनवर काय छापलंय? कॅनमधूनच प्या. म्हणजे ग्लास नकोच. मग हे देठ कशाला? मेव्हणा माझ्याकडं दयेनं बघत म्हणाला, "दाजी, ते जुनं झालं. आता लोक आधी डोळ्यांनी पितात." आणि त्यानं ग्लास उन्हात धरून, मागं हिरवा ऊस येईल असा, फोटो काढला. मग बाजूनं काढला. मग फेस खाली बसला म्हणून पुन्हा थोडी ओतून काढला. तोवर आम्ही तिघं कोरड्या घशानं देठ धरून बसलो होतो.

तेवढ्यात पैलवानाचे वडील काठी टेकत आले. ग्लासात वाकून बघितलं, समाधानानं मान हलवली. "रस काढलाय व्हय? आलं न्हाई घाटलं वाटतं. लिंबू तरी पिळा की पोरास्नी."

मेव्हण्याचा चेहरा बघवत नव्हता. आबांना काय आहे ते सांगायची कुणाची छाती नव्हती, म्हणून आम्ही नुसतं 'व्हय व्हय' केलं. आबा खरंच लिंबू आणायला वळले, त्यांना म्हशीचं निमित्त काढून गोठ्याकडं धाडावं लागलं.

मग सुरू झाला मुख्य पेपर.

"आता नाक आत घाला, हळू वास घ्या. काय येतंय?"

पैलवानानं जीव लावून श्वास ओढला. "फोडणी."

चूक त्याची नव्हती. चुलीवर त्याच वेळी मसाला तेलात पडला होता आणि चार शेतांपलीकडच्या कुत्र्यांनी माना वर केल्या होत्या. मेव्हण्यानं आम्हाला उठवून चटई वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेली. पुन्हा वास.

"पेरू?" मी चाचरत म्हणालो. घरी शांतता हवी असेल तर एखादं फळ सांगून टाकायचं, हे मी अनुभवानं शिकलोय.

"जवळ आहात. पॅशनफ्रूट. सिट्रा हॉप्सची खासियत."

वकिलानं ग्लास खाली ठेवला. "तुम्ही स्वतः पॅशनफ्रूट खाल्लंय? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"म्हणजे... तसं नाही... पण ज्यूसमध्ये..."

"म्हणजे प्रत्यक्ष नाही. ऐकीव पुरावा. पुढं चला."

पुढं म्हणजे दुसऱ्या कंपनीचा कॅन. हा महागाचा होता, हे मेव्हण्यानं ज्या हळुवारपणे तो उघडला त्यावरून कळलं. रंग केशरीकडं झुकणारा, पलीकडचं बोटही दिसेना इतका दाट. पैलवानानं आता कुणी सांगायची वाट बघितली नाही. नाक घातलं, डोळे मिटले, पुन्हा घातलं.

"कांदा-लसूण."

मेव्हणा हसला. "पैलवान, चूल तिकडं लांब राहिली."

"चुलीचा न्हवं. ह्यातनंच येतोय. घाल नाक."

मेव्हण्यानं वास घेतला. त्याचं हसू हळूहळू ओसरत गेलं. बराच वेळ तो ग्लास फिरवत राहिला आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, की होतं असं कधी कधी. हॉप्स उशिरा तोडले, जास्त पिकले, की काही जातींत कांद्या-लसणाचा वास उतरतो. जाणकार त्याला दोष मानतात. कंपनीला कळवावं लागेल.

"दोष?" पैलवान उठून बसला. "आरं, पहिल्यांदा बिअरीला कायतरी वास आला! हिच्यात आणि कितीय?"

कोल्हापूरच्या घराघरांत वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावर कुटून बरणीत दाबून ठेवतात. तिथं कुणी परदेशी हॉप्स आणून, पुण्यात महिनाभर खपून, तोच वास कॅनमध्ये भरून पाठवला, तर आम्ही त्याची तक्रार करायची? तो कॅन पैलवानानं स्टीलच्या पेल्यात ओतून घेतला, भाकरीच्या तुकड्याबरोबर संपवला आणि वर 'नादखुळा' असा शेराही दिला. मेव्हण्यानं तो शेरा कंपनीला कळवला की नाही, ठाऊक नाही.

खरं सांगतो, बिअर दोन्ही चांगल्या होत्या. पहिली तर फारच. आणि ही इतकी का खपते, तेही मला त्या मळ्यात समजलं. कडू ही चव मुळात कुणाला आवडत नाही, ती आवडून घ्यावी लागते. आम्ही घेतली, कारण दुसरं काही नव्हतं आणि तोंड वाकडं केलं तर दोस्त हसायचे. अमेरिकेत तर कित्येक वर्षं कारखान्याकारखान्यांत चढाओढ चालली होती, कोण आपली आयपीए जास्त कडू करतो ह्याची. त्या कडवटपणाला विटलेल्या लोकांपुढं एक दिवस ही मऊ, गोडसर, आंब्या-संत्र्याच्या वासाची बाई येऊन उभी राहिली. लोक जाणार कुठं? 2018 साली तिकडच्या ब्रुअर मंडळींच्या संघटनेनं हिला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली, आणि त्याच वर्षी डेन्व्हरच्या त्यांच्या मोठ्या स्पर्धेत ह्या एका गटात 391 बिअर उतरल्या. पहिल्याच वर्षी मैदान मारलं. तांबड्या रस्स्याबरोबरही हीच बरी पडते. कडू बिअर तिखटावर पडली की जीभ आणखी पेटते, ही निदान आगीत तेल ओतत नाही.

पण ज्याला बिअरचा कडूपणा सोसत नाही त्यानं तसं सरळ म्हणावं की! ते राहतं बाजूला. मला गोडसर आवडते असं म्हणायला ह्या पोरांना कमीपणा वाटतो, म्हणून मग सिट्रा, मोझॅक, गॅलक्सी ही हॉप्सची नावं, कॅनच्या बुडाची तारीख आणि माउथफील, म्हणजे तोंडात कशी लागते ते. इतका अभ्यास केला की गोड पिण्याचं प्रायश्चित्त झालं, असा काहीतरी हिशेब असावा. दूध कट्ट्यावर उभं राहून समोर काढलेलं धारोष्ण दूध पिणारा माणूस म्हशीला वैरण कुठली घातली होती, असं विचारत बसतो का? पितो, मिशी पुसतो, जातो.

सोमवारी मेव्हणा पुण्याला गेला. जाताना दोन कॅन मागं ठेवून गेला, दाजींसाठी म्हणून. आणि रोज फोन. प्यालात का? तारीख बघा. वास कमी होत चाललाय, दाजी, एक एक दिवस महत्त्वाचा आहे. घरात कुणी अत्यवस्थ असावं तशी चौकशी. मला त्या आठवड्यात सर्दी झाली होती. चोंदलेल्या नाकानं हेझी आयपीए पिणं म्हणजे त्याच्या लेखी महापाप, म्हणून मी थांबलो होतो.

मग एका संध्याकाळी धो धो पाऊस आला. ऑफिसातून भिजून घरी आलो तर भज्यांचा वास, आणि तो सर्दीतूनही आला. ताटभर कांदाभजी, हातात घेतलं की कुर्रकन मोडणारं, तेल अजिबात न धरलेलं. अशी भजी ह्या घरात कधी झाली नव्हती. मी तसं बोललो आणि मग बेसिनपाशी आडवा पडलेला केशरी कॅन दिसला.

"सोडा संपला होता," ही म्हणाली. "फेस तर हिलाही येतो. म्हटलं, बघावं पिठात घालून."

फोन वाजलाच. मी काही बोलायच्या आत हिनं तो स्पीकरवर टाकला आणि भावाला सगळं सांगितलं, पिठाच्या प्रमाणासकट. पलीकडं नुसता पुण्याच्या पावसाचा आवाज.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "एक कॅन कितीचा आहे, माहितीय का तुला?"

"ते राहू दे. तो कांद्या-लसणाच्या वासाचा होता ना, तसले सहा घेऊन ये. शनिवारी भिशीच्या बायका येणार आहेत."