‘कलम ३०अ’ रद्द करा म्हणे! आधी ते दाखवा तरी

परवा मावशीचा फोन आला. निवृत्त शिक्षिका आहे. एका खासगी शाळेत दर शनिवारी मुलांकडून गीतेचा पंधरावा अध्याय पाठ करून घेते, तेही फुकट. आवाज घाबरलेला. “अरे, शाळेत गीता शिकवायला कायद्यानं बंदी आहे म्हणे. वर्ग बंद करू का?”

तिला घरच्याच ग्रुपवर तो मेसेज आला होता. इंग्रजी-हिंदीत वर्षानुवर्षं फिरून झाल्यावर आता मराठीत उतरलाय. थोडक्यात मजकूर असा: घटनेच्या कलम ३० नुसार मुसलमान आणि ख्रिश्चनांना त्यांच्या शाळांत धर्म शिकवता येतो, कलम ‘३०अ’ मात्र हिंदूंना गीता, वेद, पुराणं शिकवायला मनाई करतं. नेहरूंना हे कलम आणायचं होतं, सरदार पटेलांनी राजीनाम्याची धमकी देऊन ते अडवलं, आणि पटेल वारल्यावर नेहरूंनी ते गुपचूप घुसवलं. शेवटी ‘३०अ रद्द करा’ आणि दहा जणांना पाठवा.

कलम ३०अ अस्तित्वातच नाही. घटनेची प्रत उघडा. तिसाव्यानंतर सरळ एकतिसावं येतं, आणि तेही वगळलेलं. या नावाच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट आहे: कलम ३० चा उपखंड (१क), इंग्रजी प्रतीत ‘वन ए’. तो सांगतो की सरकारनं अल्पसंख्याक शिक्षणसंस्थेची मालमत्ता सक्तीनं ताब्यात घेतली, तर मोबदला असा ठरवावा की संस्था चालवायचा हक्कच त्यामुळे मारला जाऊ नये. बस. गीता नाही, वेद नाही, कुराणही नाही. हा उपखंड १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं आला. मालमत्तेचा मूलभूत हक्क तेव्हा काढून टाकला, म्हणून ही तरतूद करावी लागली. पंतप्रधान मोरारजी देसाई, मंत्रिमंडळात वाजपेयी आणि अडवाणी. नेहरूंना जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

पटेलांची गोष्ट तर त्याहून पोकळ. मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याकांविषयीच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष खुद्द वल्लभभाई. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढता आणि चालवता याव्यात, म्हणजे आजच्या कलम ३० चा गाभा, हे एप्रिल १९४७ मध्ये त्यांच्याच समितीच्या अहवालात होतं. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्या कलमावर चर्चा झाली, २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली, २६ जानेवारी १९५० ला लागू झाली. पटेल मुंबईत वारले ते १५ डिसेंबर १९५० ला. म्हणजे कलम ३० लागू होऊन जवळजवळ अकरा महिने ते देशाचे उपपंतप्रधान आणि गृहमंत्री होते. नेहरूंवर टीका करायला मुद्दे कमी आहेत का, की पटेलांच्या तोंडी नसलेली वाक्यं घालावी लागतात?

आता मावशीला ज्यानं घाबरवलं तो मुद्दा, कारण खरं नुकसान तिथेच आहे. शाळेतल्या धर्मशिक्षणाविषयी घटनेत बोलतं ते कलम २८. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणत्याही धर्माचं शिक्षण द्यायचं नाही, असं ते म्हणतं. कोणत्याही. त्यात हिंदू हा शब्द नाही आणि मुसलमान हाही नाही. संस्था मुळात एखाद्या देणगीतून किंवा न्यासातून उभी राहिली असेल आणि त्या न्यासाचीच धर्मशिक्षणाची अट असेल, तर सरकार ती चालवत असलं तरी तिला सूट आहे. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षण देता येतं, फक्त सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती हवी. मावशीला एवढंच सांगितलं: पालकांकडून दोन ओळी लिहून घे आणि ‘ऊर्ध्वमूलमधःशाखम्’ सुरू ठेव.

मेसेज लिहिणाऱ्याला हे कलम एकाच बाजूला कापतं असं वाटत असेल, तर त्यानं आसामकडे बघावं. तिथल्या सरकारनं २०२० मध्ये कायदा करून सरकारी मदरसे बंद केले आणि त्यांच्या साध्या शाळा केल्या. प्रकरण गुवाहाटी उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२२ मध्ये न्यायालयानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला. आधार कुठला? हेच कलम २८. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नको, मग तो मदरसा का असेना.

आणि वेद शिकवायला बंदी म्हणे! उज्जैनचं महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली येतं आणि वेदपाठशाळांना अनुदान देतं. रामटेकचं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ महाराष्ट्र सरकारनं १९९७ मध्ये स्थापन केलं. गुजरातनं २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या अभ्यासात गीता आणत असल्याचं जाहीर केलं, आणि ‘३०अ’ काही आडवं आलं नाही. अर्थात धर्माची ओळख करून देणं वेगळं आणि धर्माची दीक्षा देणं वेगळं. धर्मांविषयी शिकवायला कलम २८ ची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये, राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या आराखड्यावरच्या खटल्यातच सांगितलंय.

पण मला सगळ्यात हसू येतं ते ‘कलम ३० हिंदूंसाठी नाही’ या वाक्याचं. कलम ३० धर्माच्या किंवा भाषेच्या आधारावर अल्पसंख्य असलेल्या सगळ्यांचं आहे, आणि अल्पसंख्य कोण हे राज्य धरून ठरतं; २००२ मध्ये टीएमए पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठानं हे पक्कं केलं. त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, पंजाबातली डीएव्ही महाविद्यालयं सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ही आर्य समाजाची, वेदांना सर्वांत वर मानणाऱ्यांची महाविद्यालयं. कॉलेजच्या कारभारी मंडळात कोण असावं हे गुरू नानक विद्यापीठ ठरवू पाहत होतं. न्यायालय म्हणालं, पंजाबात आर्यसमाजी धार्मिक अल्पसंख्य आहेत, कलम ३० त्यांना लागू आहे. आणि कारभारात हात घालणारे नियम रद्द केले. ज्या कलमाला वेदांचा शत्रू म्हणताय, त्यानंच वेद मानणाऱ्यांची कॉलेजं वाचवली. हा एक निकाल वाचला असता तरी मेसेज लिहायची वेळ आली नसती. मुंबईत सिंधी आणि गुजराती भाषकांच्या संस्था याच कलमावर उभ्या आहेत. बहुतेकांचे विश्वस्त हिंदू. पुण्यातला बहुसंख्याक मराठी माणूस बेळगावात गेला की भाषिक अल्पसंख्याक होतो, आणि तिथली मराठी शाळा चालवायचा त्याचा हक्क याच कलमात आहे.

हक्क आहे म्हणजे मोकाट रान आहे, असंही नाही. महाराष्ट्रात शाळांत मराठी सक्तीची केली तेव्हा गुजराती संस्था कलम ३० घेऊनच न्यायालयात गेल्या होत्या. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मराठी ठेवली.

‘मग मदरशांना सरकारी पैसा कसा?’ असं कुणी विचारेल. जातो, हे खरं. आपल्याकडे २०१३ पासून डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे आणि २०२४ मध्ये महायुती सरकारनं त्यातल्या डीएड शिक्षकांचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार केलं. ते गणित, विज्ञान, भाषा शिकवण्यासाठी आहे.

एक तक्रार मात्र मला मान्य करावी लागते, मनात नसलं तरी. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांना द्याव्या लागतात. अल्पसंख्याक शाळेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानं अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही त्या कायद्यातून बाहेर काढलं. एकाच गल्लीतल्या दोन शाळांना दोन नियम. याची चीड येणं स्वाभाविक आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेऊन मोठ्या पीठाची गरज सांगितली. मात्र या सवलतीचा फायदा वर सांगितलेल्या हिंदू विश्वस्तांच्या संस्थाही घेतात. आंदोलन करायचंच तर यावर करा, मीही येतो. यात नेहरू नाहीत म्हणून हे फॉरवर्ड होत नाही, एवढीच अडचण आहे.

आता ‘३०अ रद्द करा’ ही मागणी सरकारनं उद्या मान्य केली असं धरू. रद्द करायला हाती लागेल तो फक्त मोबदल्याचा उपखंड. तो गेला तर रस्त्यासाठी बेळगावातल्या मराठी संस्थेची जागा घेताना, किंवा पंजाबात डीएव्हीचं मैदान घेताना, संस्था पुन्हा उभी राहील एवढा मोबदला देण्याचं घटनेचं बंधन त्या सरकारांवर राहणार नाही. गीतेचा वर्ग जिथे होता तिथेच, शनिवारी सकाळी.